फ्लूनंतर ‘पंपिंग’ 62 वरून 55 वर आलं: हृदय खरंच कमजोर झालं का?

प्रश्न थोडक्यात असा. वय 43, स्त्री, राहणं दादरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नोकरी फोर्टात. ऑगस्टच्या मध्यात इन्फ्लुएन्झा ए झाला. पाच दिवस 102–103 ताप, ओसेल्टामिवीर या फ्लूच्या औषधाचा कोर्स घरीच पूर्ण झाला, ऑक्सिजन 95 च्या खाली गेला नाही. खोकला जायला तीन आठवडे लागले. आज सहा आठवड्यांनंतरही बसल्या जागी नाडी 88 ते 92 असते, आजाराआधी ती 70 च्या आसपास असायची. स्टेशनचा पूल चढून वर पोचलं की 138 होते, मिनिटभर थांबलं की 112. इसीजीत ‘सायनस टॅकिकार्डिया, 104’, म्हणजे लय नेहमीची पण ठोके जलद. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे लोक ज्याला ‘पंपिंग’ म्हणतात तो आकडा, 55, स्ट्रेन उणे 17.2, ‘ग्रेड 1 डायस्टॉलिक डिसफंक्शन’, ‘ट्रिव्हियल टीआर’. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत ईएफ 62 होतं. हिमोग्लोबिन 10.4. विचारणं असं की हृदय 7 टक्के गेलं का, आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनमधले 10 किलोमीटर धावायचे की नाही.

आधी थेट उत्तर. दिलेल्या आकड्यांवरून पंपिंग कमी झालेलं नाही. नाडी वाढण्याची कारणं हृदयाच्या स्नायूबाहेर असण्याची शक्यता बरीच जास्त आहे, आणि त्यातलं एक कारण तुमच्याच रिपोर्टात लिहिलेलं आहे. तरीही स्नायूला सूज आली नव्हती, हे अजून कुणी तपासलेलं नाही. ते तपासून होईपर्यंत चालायचं, धावायचं नाही.

ईएफ म्हणजे काय आणि काय नाही

हृदयाची डावी खालची पोकळी भरली की तिच्यात समजा 110 मिली रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं 66 मिली बाहेर गेलं तर ईएफ 60 टक्के. 100 टक्के कुणाचंच नसतं, त्यामुळे ‘55 म्हणजे जेमतेम पास’ असं वाचू नका. अमेरिकन इकोकार्डिओग्राफी सोसायटीच्या 2015 च्या मोजमापांनुसार स्त्रियांमध्ये 54 ते 74 आणि पुरुषांमध्ये 52 ते 72 हे नॉर्मल आहे.

आता 62 आणि 55 मधला फरक. दोन वेगळ्या मशिनवर, दोन वेगळ्या हातांनी काढलेल्या ईएफमध्ये 5 ते 10 चा फरक हृदयात काहीही न बदलता येतो. कडेची रेघ कुठे आखली, प्रोब जरा तिरका लागला का, श्वास कुठे धरला, एवढ्यावर आकडा हलतो. अनेक रिपोर्टांत तर ईएफ मोजलेलंच नसतं, डोळ्यांनी अंदाज करून लिहिलेलं असतं. रिपोर्टात ‘बायप्लेन सिम्पसन’ असं लिहून पोकळीची दोन मापं मिलीमध्ये दिली असतील तर ते मोजलेलं आहे असं धरा. नुसतं ‘55–60%’ किंवा ‘व्हिज्युअल’ असेल तर तो अंदाज. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीतलं 62 कुठल्या प्रकारचं होतं, ते जुना कागद काढून बघा.

दुसरी गोष्ट सहसा कुणी समजावून सांगत नाही. आजारपणात अंगातलं पाणी कमी होतं. ताप, घाम, भूक नाही आणि आठवडाभर अंथरूण. एवढ्यानेच रक्तातला द्रवभाग साधारण दहा टक्क्यांनी घटू शकतो. मग हृदयाची पोकळी पूर्ण भरत नाही. गणित करून बघा: आधी 110 मिली भरत होतं, 60 टक्के म्हणजे 66 मिली बाहेर, नाडी 70, मिनिटाला साधारण 4.6 लिटर. आता भरतं 95 मिली, 55 टक्के म्हणजे 52 मिली, नाडी 88, मिनिटाला तेवढंच 4.6 लिटर. म्हणजे शरीराला लागणारं रक्त पोचतंय, फक्त ठोके वाढवून पोचतंय. नाडी कुरकुरत असली तरी पंप नादुरुस्त नाही. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या रिपोर्टात पोकळीची मापं असतील तर ती घालून तुम्हालाही हे गणित करता येईल.

स्ट्रेनचं उणे चिन्ह बघून लोक घाबरतात. ठोका पडताना स्नायूचा तंतू आखडतो, लांबी कमी होते, म्हणून आकडा उणे. जितका जास्त उणे तितकं चांगलं. निरोगी हृदयात तो उणे 20 च्या आसपास असतो, 16 ते 18 ही सीमारेषा, 16 च्या आत आला तर विचार करायचा. तुमचं 17.2 सीमारेषेवर आहे. पण स्ट्रेन मशिनच्या कंपनीनुसार बदलतो, नाडी जलद असताना आणि चित्र अस्पष्ट असताना कमी दिसतो. 104 च्या नाडीवर काढलेल्या 17.2 वरून मी कुणालाही हृदयाचा रुग्ण ठरवणार नाही. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच मशिनवर, नाडी 80 च्या खाली असताना पुन्हा काढा आणि त्या दोन आकड्यांची तुलना करा.

‘ग्रेड 1 डायस्टॉलिक डिसफंक्शन’ या शब्दांनी मुंबईत जितकी माणसं विनाकारण झोपेला मुकतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने मुकत असतील. याचा अर्थ एवढाच की ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय भरताना सुरुवातीची लाट (ई) लहान आणि शेवटची लाट (ए) मोठी दिसली. साठीनंतर हे जवळजवळ सगळ्यांमध्ये दिसतं. 43 व्या वर्षी, नाडी 104 असताना, भरायला वेळच अपुरा मिळतो आणि दोन लाटा एकमेकींवर चढतात, अंगात पाणी कमी असेल तर ई आणखी लहान होते. म्हणून इतर मापं बघायची: ई-प्राइम (भरताना स्नायू किती वेगाने सैलावतो ते माप) मधल्या पडद्याजवळ (सेप्टल) 7 च्या वर, बाजूच्या भिंतीजवळ (लॅटरल) 10 च्या वर, दोघांच्या सरासरीवर काढलेलं ई भागिले ई-प्राइम 14 च्या आत, डावं अलिंद (वरची डावी पोकळी) प्रति चौरस मीटर 34 मिलीच्या आत. ही चारही ठीक असतील तर त्या ओळीकडे दुर्लक्ष करा. रिपोर्टात ही मापं नसतील तर ज्यांनी इको केला त्यांच्याकडे मागा, बहुधा मशिनमध्ये साठवलेली असतात.

‘ट्रिव्हियल टीआर’, म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेतून किंचित उलटी गळती, निरोगी माणसांतही असतं. श्वसनाच्या आजारानंतर मात्र उजव्या बाजूची दोन मापं मी नक्की बघतो, कारण फुप्फुसांवर ताण आला की तो आधी उजव्या बाजूला कळतो. टॅप्सी (ठोक्याला उजव्या खालच्या पोकळीची होणारी हालचाल) 17 मिलिमीटर किंवा जास्त हवं, आणि टीआरचा वेग सेकंदाला 2.8 मीटरच्या आत हवा.

विषाणू हृदयाला त्रास देतो तो कसा

हे समजलं तर कुठली तपासणी कशासाठी ते आपोआप लक्षात येतं. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण 8 ते 10 ने वाढते. हा नुसता कामाचा बोजा, ताप गेला की उतरतो. त्यापलीकडे, काही थोड्या लोकांत विषाणू किंवा त्याच्याशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती हृदयाच्या स्नायूला सुजवते, तो मायोकार्डायटिस. बाहेरच्या पिशवीला सूज आली तर पेरिकार्डायटिस. आणि ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर आहेत, त्यांच्यात संसर्गाच्या दिवसांत थर फुटून गुठळी होऊ शकते. कॅनडातल्या ओंटारिओचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की इन्फ्लुएन्झा प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या 7 दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. त्यामुळे घरातल्या मधुमेही, बीपीच्या किंवा स्टेंट असलेल्या माणसाला फ्लू झाला आणि छातीत दाटून आलं, तर ‘खोकल्याने दुखतंय’ म्हणून वाट बघायची नाही.

कोविडनंतर सुरुवातीला फार भीतिदायक आकडे फिरले. पुढे अमेरिकेतल्या बिग टेन विद्यापीठांच्या 1597 खेळाडूंचा एमआरआय झाला, त्यात मायोकार्डायटिस निघाला 37 जणांत, म्हणजे 2.3 टक्के, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना काही त्रासही नव्हता. म्हणजे सूज येते, पण क्वचित येते. धडधड मात्र पुष्कळांना होते. दोन्हींचं कारण एकच समजणं ही मूळ चूक.

स्नायूला सूज होती का, हे कसं ठरवायचं

एक इसीजी आणि रक्तातल्या तीन तपासण्या: हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा), सीआरपी (अंगातली सूज) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण). चारही साध्या तपासण्या आहेत, परळच्या केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हृदयरोग विभागही आहेत. एनटी-प्रोबीएनपी 125 च्या आत आलं तर हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता फारच कमी. ट्रोपोनिनबाबत एक अडचण लक्षात ठेवा: सूज असताना ते वाढतं आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतं. सहाव्या आठवड्यात नॉर्मल आलं तर ‘आत्ता इजा चालू नाही’ एवढंच म्हणता येतं, ‘तेव्हा झालीच नव्हती’ असं नाही. म्हणून तेव्हाची लक्षणं आठवा. तापाच्या दिवसांत किंवा नंतरच्या दोन आठवड्यांत छातीत दुखलं होतं का? आडवं पडल्यावर वाढणारं आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारं दुखणं होतं का? चक्कर येऊन पडलात का? रात्री झोपेतून उठून धाप लागली का?

या सगळ्याला ‘नाही’ असेल, इसीजीत वेग सोडून काही नसेल आणि ट्रोपोनिन नॉर्मल असेल, तर एमआरआयची गरज नाही. यातलं एक जरी ‘हो’ असेल, किंवा इकोत भिंतीचा एखादा भाग कमी हलताना दिसला, तर हृदयाचा एमआरआय करावा. तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केला तर सुजेतलं पाणी दिसतं. सहाव्या आठवड्यात पाणी ओसरलेलं असू शकतं, पण व्रण राहिला असेल तर गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं औषध दिल्यावर तो उजळून दिसतो. मायोकार्डायटिसचा व्रण स्नायूच्या बाहेरच्या थरात असतो, बहुतेकदा बाजूच्या भिंतीला, हार्ट अटॅकचा आतल्या थरापासून सुरू होतो. अपॉइंटमेंटच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून ठेवा, आणि 10–15 सेकंद श्वास धरायची सवय करा. खोकला राहिलेल्या माणसाची चित्रं याच कारणाने हलतात आणि अर्ध्या तासाचं काम वाया जातं.

एक कळकळीची सूचना. चेकअपच्या पॅकेजात इकोसोबत ट्रेडमिल टेस्टही बसवलेली असते. सुजेची शंका मिटेपर्यंत ती करू नका. सुजलेल्या स्नायूला जोराने पळवणं हीच त्या काळातली सगळ्यात धोक्याची गोष्ट, त्यातून जीवघेणे ठोके सुरू होऊ शकतात.

हिमोग्लोबिन 10.4

तुमच्या रिपोर्टांत इकोवर तीन ठिकाणी पेनने खुणा आहेत आणि 10.4 वर एकही नाही. स्त्रियांमध्ये 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. प्रत्येक मिलिलिटर रक्त कमी ऑक्सिजन नेतं, म्हणून हृदयाला खेपा वाढवाव्या लागतात. पूल चढताना 138 का होते, याचा मोठा वाटा इथेच असू शकतो. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) एकटं बघू नका, संसर्गानंतर ते खोटं वाढलेलं दिसतं. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करा, ते 20 टक्क्यांखाली असेल तर लोह कमी आहे. मग लोहाची गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी, आणि आधी-नंतर तासभर चहा नाही. पाळी जास्त जात असेल तर त्यावरही उपचार हवा, नाहीतर वरून भरायचं आणि खालून गळायचं.

त्याच रक्तात टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करा. विषाणूनंतर दोन ते आठ आठवड्यांत काहींच्या थायरॉइडला सूज येऊन साठवलेलं हार्मोन रक्तात सुटतं. मानेच्या पुढच्या भागात दुखतं, ते कानापर्यंत जातं, रक्तातला ईएसआर (सुजेची खूण) खूप वाढतो, हात थरथरतात, नाडी धावते. हा प्रकार आपोआप ओसरतो. थायरॉइड कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या यात उपयोगाच्या नाहीत, कारण हार्मोन नव्याने तयार होत नसतं, साठलेलं सांडत असतं.

आणि औषधांचा डबा उघडा. उरलेलं खोकल्याचं औषध अजून रात्री घेताय का? आपल्याकडच्या कित्येक सिरपमध्ये टर्ब्युटलिन किंवा साल्ब्युटामॉल असतं, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. दोन्हींनी नाडी वाढते आणि बोटं थरथरतात. श्वासाच्या पंपातलं (इनहेलर) साल्ब्युटामॉल आणि डेरिफायलिनची दम्याची गोळी, दोन्हींचं तेच. खोकला गेला असेल तर ही सगळी बंद करून चार दिवस नाडी बघा. पंप दम्यासाठी दिलेला असेल तर मात्र तो स्वतःहून सोडू नका, डॉक्टरांना विचारा.

घरी करायची उभं राहण्याची चाचणी

सकाळी, चहाच्या आधी, बीपीचं मशिन, घड्याळ आणि कागद घ्या. घरात कुणीतरी शेजारी असू द्या. 10 मिनिटं पाठीवर निजा, बोलू नका, फोन बघू नका. नाडी आणि बीपी लिहा. मग उठा, भिंतीपासून वीतभर अंतरावर टाचा ठेवून पाठ भिंतीला टेकवा आणि हलू नका. पाय हलवले की पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि चाचणी फसते. 1, 3, 5, 7 आणि 10 व्या मिनिटाला नाडी-बीपी लिहा, जे वाटतं तेही लिहा: डोकं हलकं, हात गार, पाय निळसर. भोवळ आली तर लगेच निजा, चाचणी संपली.

उभं राहिल्यावर नाडी 10 ते 20 ने वाढणं ठीक. 30 किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली, आणि बीपी फारसं पडलं नाही, तर ती पॉट्स नावाच्या विकाराकडे जाणारी खूण. त्यात उभं राहिल्यावर पायांकडे उतरलेलं रक्त वर आणणाऱ्या नसांचा ताळमेळ बिघडलेला असतो. पॉट्स हे नाव लावायला त्रास तीन महिने टिकावा लागतो, सहाव्या आठवड्यात नाव लावायची घाई नको, उपाय मात्र सुरू करता येतात. पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने पडलं तर बहुधा पाणी कमी आहे किंवा बीपीची गोळी जास्त होतेय. ही चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी करा आणि कागद डॉक्टरांकडे न्या. सहा महिन्यांच्या स्मार्टवॉचच्या आलेखापेक्षा या एका पानाचा उपयोग जास्त होतो.

उपाय सुरुवातीला साधेच. दिवसाला अडीच-तीन लिटर द्रव, त्यातलं अर्धा लिटर अंथरुणातून उठण्याआधी. बीपी वाढलेलं नसेल, किडनी आणि हृदय ठीक असेल, तरच डॉक्टरांना विचारून मीठ वाढवायचं. कंबरेपर्यंतचे घट्ट मोजे, नुसते घोट्यापर्यंतचे कुचकामी. नवरात्राचे उपवास समोर आहेत आणि ऑक्टोबरचा उकाडाही. यंदा निर्जळी नको आणि अळणी तर नकोच. उपवासाला सैंधव चालत असेल तर जरूर घ्या, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. गरबा बघायला बसा, खेळायला पुढच्या वर्षी.

नाडी कमी करायची गोळी, मग ती मेटोप्रोलॉल असो, प्रोप्रॅनोलॉल असो की इव्हाब्रॅडिन, ही कारण शोधल्यानंतरची पायरी आहे. ॲनिमियाने किंवा पाण्याच्या कमतरतेने वाढलेली नाडी गोळीने दाबली तर शरीराची भरपाई आपणच काढून घेतो आणि थकवा वाढतो. शेजाऱ्यांनी सुचवलेली ‘रक्त पातळ करायची’ ॲस्पिरिन तर अजिबात नको, हिमोग्लोबिन 10.4 असताना, त्यातून पाळी जास्त जात असेल तर नाहीच.

परत चालायला, मग धावायला

अंथरुणाने किती घट होते याचं मोजमाप 1966 मध्ये अमेरिकेतल्या डलासमध्ये झालं. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. कुठलाही विषाणू नसताना त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता 27 टक्क्यांच्या आसपास उतरली. ती भरून यायला साधारण दोन महिन्यांचा व्यायाम लागला. तुम्ही आठवडा-दीड आठवडा पडून होतात, नंतर तीन आठवडे खोकत होतात. सहाव्या आठवड्यात पूल जड जाणं यात विचित्र काही नाही. उलट 138 वरून मिनिटात 112, म्हणजे 26 ने उतरणं, ही चांगली खूण आहे. पहिल्या मिनिटात 12 हून कमी उतरली असती तर मला काळजी वाटली असती.

आधी एक मिनिटाची चाचणी. बोटाला ऑक्सिमीटर लावून खुर्चीवर बसा, हात न टेकता एका मिनिटात जमेल तितक्या वेळा उठा-बसा. नेलपॉलिश काढलेली आणि बोट गरम असू द्या. ऑक्सिजन 3 किंवा जास्त अंकांनी पडला तर प्रश्न फुप्फुसाचा आहे, आधी तो बघायचा. धाप अचानक वाढलेली असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल तर फुप्फुसात गुठळीची शंका धरून त्याच दिवशी दाखवा. डी-डायमर ही गुठळीच्या शंकेत करायची रक्ततपासणी नॉर्मल आली आणि डॉक्टरांची शंका कमी असेल तर मन निवांत होतं, डी-डायमर वाढलेलं आलं तर त्यावरून गुठळी सिद्ध होत नाही, कारण संसर्गानंतर ते काही काळ वाढलेलंच राहतं.

तपासण्या स्वच्छ आल्या की पहिले दोन आठवडे रोज सकाळी सपाटीवर 15–20 मिनिटं चाला. शिवाजी पार्कची एक फेरी एक किलोमीटरच्या थोडी वर भरते, तेवढी पुरे. वेग इतकाच की शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. 220 वजा वयाचं गणित इथे चालत नाही, त्यानुसार 60 टक्के म्हणजे 106 आणि तुमची बसल्या जागीच 90 आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-अडीच फेऱ्या. पाचव्यात एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. मग दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढवायचा. जिना आणि पूल या काळात एका टप्प्याला अर्धा मिनिट थांबत चढा, सरकता जिना असेल तर तो घ्या. गाडीत उभं राहावं लागलं तर टाचा उचलत-टेकवत राहा, पोटऱ्या चालू राहिल्या की भोवळ कमी येते.

रोज सकाळी उठण्याआधी मनगटावर बोट ठेवून पूर्ण 30 सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, कॅलेंडरवर लिहा. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी आकडा 10 हून जास्त वाढला तर त्या दिवशी सुट्टी आणि पुढचे दोन दिवस खालची पायरी. आठवड्याला दोन-तीन ठोक्यांनी उतरत गेला तर वाट बरोबर आहे.

एका गोष्टीची वेगळी दखल घ्या. श्रम केल्यावर त्या दिवशी ठीक, पण 12 ते 48 तासांनी अंग मोडून येतं, डोकं बधिर होतं, दिवसभर उठवत नाही, असं दोनदा झालं तर वरचा वाढता व्यायाम थांबवा. हा नुसता अशक्तपणा नाही. या माणसांना जोर लावून बरं होता येत नाही, उलट खचायला होतं. त्यांनी दिवसाची कामं वाटून घ्यायची, थकण्याआधी थांबायचं, आणि व्यायाम हवाच तर निजून केलेले पायांचे हलके प्रकार.

एमआरआयमध्ये मायोकार्डायटिस निघाला तर ही सगळी वेळापत्रकं बाजूला. 3 ते 6 महिने धावणं, जिम, पोहण्याच्या शर्यती बंद. त्यानंतर ट्रोपोनिन नॉर्मल, इको नॉर्मल, 24 तासांच्या होल्टरमध्ये (अंगाला लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) आणि ट्रेडमिलवर वेडेवाकडे ठोके नाहीत, एवढं दिसल्यावरच परवानगी. होल्टरमध्ये सुटे जादा ठोके निघाले तर लगेच घाबरू नका. दिवसाला हृदयाचे लाखभर ठोके पडतात, त्यात काही शे जादा ठोक्यांनी बिघडत नाही. 10 हजारांकडे जाऊ लागले तर उपचाराचा विचार. पेरिकार्डायटिस असेल तर कोल्चिसिन ही सूज उतरवणारी गोळी, 0.5 मिलिग्रॅम, वजनानुसार दिवसातून एकदा किंवा दोनदा, तीन महिने घ्यावी लागते. दुखणं आठ दिवसांत थांबलं म्हणून लोक गोळी सोडतात आणि ते परत येतं.

छातीत दाब किंवा जळजळ 15 मिनिटांहून जास्त, डावा हात किंवा जबड्याकडे जाणारी, श्रम करताना शुद्ध हरपणं, बसल्या जागी नाडी 120 च्या वर आणि उतरत नाही, आडवं पडल्यावर धाप, पायांवर नवी सूज: यात कुठलीही चाचणी घरी करत बसायचं नाही. 108 ला फोन करा. टॅक्सी मिळेपर्यंत जिने उतरून चालत जाणं टाळा.

जानेवारीचं ठरवायला डिसेंबरचा दुसरा आठवडा योग्य. तोपर्यंत हिमोग्लोबिन 12 च्या वर, सकाळची नाडी 75 च्या आसपास, दुसऱ्या इकोत स्ट्रेन तसाच किंवा सुधारलेला, आणि 7 किलोमीटर हलकं धावून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नेहमीसारखं जाता येत असेल, तर 10 किलोमीटर धावा, वेळेचं लक्ष्य न ठेवता. यातलं एकही कमी असेल तर यंदा नंबर दुसऱ्या कुणाला देता येतो का ते आयोजकांच्या नियमात बघा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, फ्लूची लस घ्या.